पियानो येत नाही, मग म्युझिक टेस्टला बसवायचं का?

प्रश्न: आम्ही वॉटफर्डला राहतो. मुलगी इयर फाइव्हमध्ये (नऊ-दहा वर्षांचा वर्ग) आहे, तीन वर्षं ऑनलाइन हिंदुस्थानी गाणं शिकतेय. सेकंडरी शाळेच्या प्रवेशासाठी असते त्या म्युझिक ॲप्टिट्यूड टेस्टला बसवायचंय, पण पियानो नाही, नोटेशन वाचता येत नाही. मैत्रिणी संगीताच्या परीक्षांत ग्रेड फोर-फाइव्हपर्यंत पोचल्यात, ते बघून ही आत्ताच म्हणते मला नाही जमणार. क्लास लावू का?

उत्तर: ताई, क्लासचे पैसे सध्या राहू द्या. इंग्लंडच्या 1998 च्या कायद्याने शाळांना जास्तीत जास्त 10 टक्के मुलं ॲप्टिट्यूडवर घेता येतात, आणि ॲप्टिट्यूड म्हणजे आजवर काय शिकली ते नाही, कानाला काय कळतं ते. नोटेशन कुणी विचारत नाही. मैत्रिणींचा कान तयार असणार हे खरंय, पण तीन वर्षं सा लावून हिचाही झालाच असेल की.

तुमच्या भागातल्या टेस्टमध्ये साधारण चार गोष्टी असतात: दोन स्वरांतला दुसरा वर गेला की खाली की तोच, पाच स्वरांच्या तुकड्यात कितवा बदलला, एकदम वाजलेले स्वर किती, आणि चार बीट्समध्ये कुठला बदलला. पहिल्यात आपल्या घरातली मुलं एका गमतीशीर गोष्टीत फसतात, आपण घरी "आवाज वाढव" म्हणतो ते व्हॉल्यूमसाठी, त्यामुळे जोरात वाजलेला स्वर त्यांना वरचा वाटतो. खालचा सा जोरात आणि वरचा ग हळू वाजवून विचारा, लगेच कळेल फसते का. पाच स्वरांसाठी टेबलावर एकेक बोट ठेवत ऐकायचं, जिथे खटकलं तिथे बोट दाबून धरायचं. ताल तर तिला येतोच, पायाने हळूच मात्रा धरू दे.

खरी अडचण तिसऱ्या भागात, कारण आपलं गाणं एकेका स्वराचं आणि कॉर्ड, म्हणजे एकदम वाजलेले स्वर, ऐकायची सवयच नसते. तिला पाठ करून बसवा, हार्मोनियमवर दोन, तीन किंवा चार पट्ट्या एकदम दाबा आणि किती ते विचारायच्या आधी ऐकू आला तो प्रत्येक स्वर गुणगुणायला सांगा. शेजारच्या पट्ट्या पटकन सापडतात, सा आणि तार सा मात्र एकत्र दाबले की एकच वाटतो, तिथे मोठेही चुकतात. तुम्ही पण पाठ फिरवून बसा आणि तिला वाजवू दे. आई तीन म्हणाली आणि होते चार, यात पोरीला जो कॉन्फिडन्स येतो तो क्लासवाला देणार नाही!

रोज दहाच मिनिटं, जास्त नको, कान दमला की चुका वाढतात आणि मग परत ते "मला नाही जमणार" सुरू. एक मात्र पक्कं करून घ्या, एखादा प्रश्न हुकला तरी अंदाजाने खूण करून पुढे जायचं, रिकामा सोडला की पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ सरकतात आणि पोरं रडकुंडीला येतात.

टेस्टचं रजिस्ट्रेशन वेगळं असतं आणि बऱ्याचदा उन्हाळ्यातच बंद होतं, काउन्सिलचा शाळाप्रवेशाचा फॉर्म मात्र 31 ऑक्टोबरपर्यंत, त्यामुळे दोन्ही तारखा कॅलेंडरवर टाका. काही शाळा पुढच्या फेरीत काहीतरी सादर करायला बोलावतात, तिथे ख्याल चालेल का आणि तानपुऱ्याचं ॲप लावता येईल का हे आत्ताच ईमेल करून विचारा.