ट्रेसराउटच्या शेवटच्या ओळीतली चांदणी

सोलारिसच्या (ही एक युनिक्स ऑपरेटिंग सिस्टीम) मशिनला ट्रेसराउट, म्हणजे पॅकेटं कोणकोणत्या राउटरांतून जातात ते दाखवणारी कमांड, मारलास आणि शेवटच्या ओळीत आधी वेळ, मग चांदणी (*, म्हणजे उत्तर नाही), मग पुन्हा वेळ, असंच ना? केबल बदलत बसू नकोस. ट्रेसराउट दर टप्प्याला तीन यूडीपी (पोहोच न मागणारी साधी) पॅकेटं एकामागून एक पाठवतो, ३३४३४ पासून पुढच्या पोर्टांवर, म्हणजे मशिनच्या क्रमांकित दारांवर. तिथे कोणी ऐकत नसतं, म्हणून शेवटचं मशिन 'पोर्ट अनरीचेबल' (या दारी कोणी नाही) असं कळवतं. पण सोलारिसच्या जुन्या आवृत्त्या अशी उत्तरं लागोपाठ देत नाहीत, मध्ये थोडं अंतर ठेवतात. दुसरं पॅकेट लगेच येऊन धडकतं, त्याला उत्तरच नाही. ट्रेसराउट काही सेकंद वाट बघतो, तोवर ते अंतर सरतं आणि तिसऱ्याला उत्तर मिळतं. म्हणून चांदणी नेमकी मधलीच.

मधल्या एखाद्याच राउटरची वेळ फुगलेली असेल आणि पुढच्यांची ठीक, तर सोडून दे. पॅकेटं पुढे ढकलणं हे त्याचं काम, तुला उत्तर देणं सवडीने. फुगवटा शेवटपर्यंत टिकला तरच आयएसपीला, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीला, फोन कर.

आणि हो, पिंग (मशिन जागं आहे का ते बघणारी कमांड) नुसतं 'इज अलाइव्ह' म्हणून गप्प बसतं तो सोलारिसचा स्वभावच. वेळा हव्यात तर मायनस एस लाव. विंडोजवरून ट्रेसराउट पूर्ण होतो, सोलारिसवरून नाही? ट्रेसराउटला मायनस कॅपिटल आय देऊन बघ, म्हणजे तोही आयसीएमपी (पिंगचीच पॅकेटं) वापरेल. विंडोज तेच वापरतं, आणि यूडीपी अडवणारे फायरवॉलवाले काही कमी नाहीत.