चौघांच्या स्पर्धात्मक कमांडरसाठी पहिला डेक कसा बांधावा?

तुमचा प्रश्न असा आहे: मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांसारखा कार्डांचा खेळ दोघांत खेळताना तुम्ही जिंकता, पण सांगलीत चौघं जमून कमांडर (प्रत्येकाचं एक प्रमुख कार्ड, म्हणजे कमांडर, असलेला याच खेळाचा प्रकार) खेळायला लागल्यापासून 'समोरचा जे टाकेल ते उडवायचं' हा तुमचा डेक (कार्डांचा संच) सारखा हरतोय, तर आता नवीन काय बांधू?

आम्ही विश्रामबागेत रविवारी खेळतो, एक जण मिरजेहून येतो. माझं मत स्पष्ट आहे, डेक नवा बांधण्याआधी हिशेब नवा मांडा. दोघांत तुम्ही एक कार्ड खर्चून समोरच्याचं एक घालवलंत की बरोबरी होते. चौघांत तुमचं एक गेलं, त्याचं एक गेलं, आणि बाकीचे दोघं फुकटात पुढे सरकले. तुम्ही तिघांचं सगळं उडवायला गेलात तर सगळ्यात आधी तुमचाच हात रिकामा होणार. काउंटर (समोरच्याची चाल रद्द करणारं कार्ड) जपून ठेवायचा तो फक्त डाव संपवणाऱ्या चालीसाठी.

हाच हिशेब उलटाही चालतो. ऱ्हिस्टिक स्टडी हे कार्ड पाहा: प्रतिस्पर्ध्यानं काही कास्ट केलं (कार्ड खेळलं) आणि एक जादा माना (कार्ड खेळायला खर्चावी लागणारी ऊर्जा) भरला नाही, तर तुम्हाला एक कार्ड. चौघांत हे तीन बाजूंनी मिळतं. मिस्टिक रेमोराही त्याच जातीचं. पहिल्या हातात असं कार्ड आलं तर मी बाकीचा हात थोडा कच्चा असला तरी ठेवतो.

आता बसण्याचा क्रम, ज्याकडे नवीन मंडळी बघतच नाहीत. कुणी जिंकायची चाल केली की उत्तर द्यायची पाळी आधी त्याच्यानंतर ज्याचा टर्न आहे त्याची. त्याच्याकडे काउंटर असला तरी तो शांतपणे पास म्हणू शकतो, कारण पुढे अजून दोघं आहेत. शेवटच्याला ही सोय नाही, त्यानं अडवलं नाही तर डाव संपला. त्यामुळे तुमच्या आधी पास झालेल्यांकडे खरंच काही नव्हतं की त्यांनी ओझं तुमच्यावर ढकललं, हे ओळखता येणं हे मला डेकइतकंच महत्त्वाचं वाटतं.

सगळ्यात जास्त भेटेल तो कॉम्बो (एकत्र आल्यावर डाव जिंकून देणारी कार्डांची जोडी) म्हणजे थासाज ओरॅकल आणि डेमॉनिक कन्सल्टेशन, दोन्ही मिळून फक्त तीन माना. ओरॅकल टेबलावर येतं, त्याचा ट्रिगर (आपोआप सुरू होणारा परिणाम) स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायच्या रांगेत, असतानाच कन्सल्टेशन टाकून डेकमध्ये नसलेल्या कार्डाचं नाव घ्यायचं. ते शोधता शोधता अख्खी लायब्ररी (अजून न ओढलेल्या कार्डांचा गठ्ठा) निघून जाते आणि ट्रिगर सुटला की जिंकले. लायब्ररी गेल्यावर ओरॅकलला मारून काही उपयोग नाही; ट्रिगर तुमच्या टेबलावरची निळ्या मानाची चिन्हं लायब्ररीतल्या कार्डांना पुरतात का एवढंच बघतो, आणि शून्य कार्डांना शून्य पुरतं. अडवायचं तर कन्सल्टेशनला, किंवा स्टायफलसारख्या कार्डानं ट्रिगरला. ट्रिगर अडला तर तो गडी रिकाम्या लायब्ररीतून पुढचं कार्ड ओढताना स्वतःच हरतो.

डेकबद्दल. कमांडर धरून १०० कार्डं आणि बेसिक लँड (माना देणारी साधी जमीन-कार्डं) सोडून प्रत्येक एकच, म्हणून नशिबावर सोडलं तर काहीच जुळत नाही. लँडशिवाय माना देणारी स्वस्त कार्डं १० ठेवलीत तर पहिल्या सात कार्डांत किमान एक यायची शक्यता जेमतेम ५४ टक्के. १५ ठेवलीत तर सुमारे ७० टक्के. स्पर्धात्मक डेकमध्ये ही संख्या वाढवायला हात आखडू नका. बहुखेळाडू डावात पहिला मलिगन (हात परत देऊन नवा घेणं) फुकट असतो, तो वापरा.

कमांडर म्हणून मी किनन सुचवेन. दोन मानात येतो, लँड सोडून दुसऱ्या कार्डातून माना काढला की एक जादा देतो, आणि बेसाल्ट मोनोलिथबरोबर बसवला की मोनोलिथ तीनऐवजी चार माना देतं, वापरून आडवं झालेलं ते कार्ड पुन्हा उभं करायला तीन लागतात, म्हणजे प्रत्येक फेरीत एक शिल्लक. रंगहीन माना हवा तेवढा. त्याच्या दुसऱ्या क्षमतेला निळा आणि हिरवा माना मात्र दर वेळी वेगळा लागतो, तो विसरू नका. कॉम्बोचा अर्धा भाग कायम कमांड झोनमध्ये (कमांडर ठेवायच्या डेकबाहेरच्या जागेत) असल्यानं नवीन माणसाला हा डेक सोपा जातो.

जुन्या डेक लिस्ट जशाच्या तशा उचलू नका. मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट आणि नाडू या चार कार्डांवर सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी आली.

पैशांचं म्हणाल तर आधी सगळा डेक प्रॉक्सीवर (कार्डांच्या नकलांवर) छापून महिनाभर खेळा. घरी चौघांची संमती असली की पुरे, अधिकृत स्पर्धेत मात्र खरी कार्डंच लागतात. कुठलं कार्ड हातात आलं की आनंद होतो आणि कुठलं नुसतं पडून राहतं ते कळलं की मगच विकत घ्या. आणि शक्यतो फॉइल (चकाकणारी कार्डं) नको. कृष्णाकाठच्या पावसाळी दमट हवेत फॉइल कार्डं वाकतात, आणि स्लीव्हमध्येही (प्लास्टिकच्या पाकिटातही) वाकडं कार्ड ओळखू आलं तर स्पर्धेत पंच आक्षेप घेऊ शकतात.