पिल्लाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजा

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यक ताईंची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीत त्याच्या मामांनी पुण्याहून बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे पाळीव परदेशी सरड्याचं, पिल्लू आणून दिलं. दोन महिन्यांचं आहे, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम पंधरा सेंटिमीटर. दुकानदारानं सोबत मीलवर्मचा (खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अळ्यांचा) डबा दिला आणि ‘रोज चार-पाच टाका’ एवढंच सांगितलं. मुलगा आता अंबाझरीकडून नाकतोडे पकडून आणतो, कधी स्वयंपाकघरातलं झुरळही देतो. परवा एक मोठा नाकतोडा दिला, तर पाच मिनिटं त्याचे पाय पिल्लाच्या तोंडाबाहेर लोंबत होते. मी घाबरून गेले. शेवटी गिळला त्यानं. नेमका केवढा किडा द्यायचा?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ताई, तुम्ही घाबरलात ते बरोबरच होतं. आधी माप सांगते, उद्या सकाळच्या खाण्यापासूनच ते पाळा. पिल्लाच्या डोक्यावर दोन डोळ्यांच्या मधे जेवढी जागा आहे, त्याहून लांब किडा द्यायचा नाही. लांबी म्हणजे किड्याचं डोकं ते पोटाचं टोक. मिशा आणि पाय त्यात धरू नका.

नुसत्या नजरेनं हे माप चुकतं, म्हणून जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची बोटभर पट्टी कापा. पिल्लू दिव्याखाली निवांत पसरलेलं असताना, त्याला न शिवता, पट्टी डोक्याच्या अगदी वर धरा आणि दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कडांशी पेन्सिलीनं दोन रेघा मारा. तुमच्या पिल्लाच्या वयाला हे अंतर बहुधा एक सेंटिमीटरच्या आतच भरेल. किडे फार उड्या मारत असतील तर डबा पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, ते सुस्तावतात. मग एकेक पट्टीशेजारी ठेवून बघा. रेघांच्या आत मावला तर द्या, नाहीतर परत डब्यात. दर रविवारी नवी पट्टी करा, कारण या वयात पिल्लू भराभर वाढतं. मुलाला हे काम द्या, आठवीतला मुलगा नीट करेल.

एवढं जपायचं ते का? हा प्राणी आपल्यासारखा घास चावून बारीक करत नाही. जबड्यानं दोन-चारदा चिरडतो आणि गिळतो. किड्याचं कवच पचायला जड असतं, आणि पचन चालतं ते बाहेरून मिळणाऱ्या उबेवर. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या भागातला हा प्राणी तापलेल्या दगडावर पोट टेकून जेवण पचवतो. तुमच्या घरी तो दगड म्हणजे त्याच्या काचेच्या टाकीतला दिवा. दिव्याखालची जागा 40 ते 42 अंश हवी, टाकीचं दुसरं टोक 26 ते 28. मे महिन्यात नागपुरात याची काळजी वाटत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, आणि तेव्हाच पिल्लं माझ्याकडे येतात.

एका जानेवारीत भल्या सकाळी कॉलेजातला एक मुलगा स्वेटरच्या आत पिल्लू धरून आला होता. मागचे पाय ओढत होतं. पोट हाताला टणक लागत होतं, चार दिवस शी नव्हती. त्याला सुपरवर्म, म्हणजे मीलवर्मसारख्याच पण मोठ्या अळ्या, दिलेले होते, बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि टाकीतला दिवा दोन दिवसांपूर्वी उडाला होता. एक्स-रेमध्ये आतडं गच्च भरलेलं दिसलं, आणि हाडं इतकी फिकी की बरगड्या शोधाव्या लागल्या. ऊब दिली, सलाईन दिलं, कोमट पाण्यात बसवलं. तिसऱ्या दिवशी ते गेलं. नंतर उघडून पाहिलं तर एक सुपरवर्म जवळजवळ अख्खाच होता, तपकिरी वळ्यांसकट. ती अळी मी ट्रेमध्ये ठेवली, त्या मुलाला दाखवली आणि ‘तुझी चूक नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं’ म्हणाले. त्यानं विचारलं, अळीनं आतून पोट कुरतडलं का? हा समज बऱ्याच जणांचा असतो, पण तसं होत नाही. किडा मोठा होता, ऊब नव्हती आणि कॅल्शियम नव्हतं. तिन्ही एकाच वेळी चुकलं.

म्हणून मीलवर्मचा डबा सध्या बाजूला ठेवा. मापात बसला तरी त्याचं कवच या वयाला जड जातं. नुकती कात टाकलेला, पांढरा, मऊ मीलवर्म एखाद वेळी चालेल. सुपरवर्म तर पूर्ण वाढ होईपर्यंत नकोच. रोजच्यासाठी लहान रातकिडे किंवा डुबिया जातीच्या पाळीव झुरळांची पिल्लं घ्या. अंड्यातून निघालेला रातकिडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो, त्यामुळे हवं ते माप मिळतं. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या फार चांगल्या, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. तुतीवरची रेशीमअळीही मऊ आणि पचायला हलकी, पण ती महिनाभराच्या आत बोटाएवढी होते, म्हणून लहान असतानाच द्या. भंडारा-गडचिरोलीकडची टसरची अळी मात्र नको, ती फारच मोठी होते. दुकानात एकाच डब्यात लहान-मोठे किडे मिसळलेले येतात. नेहमी लहानच मागा. ते घरी आठवड्याभरात वाढतात, मोठे काही लहान होत नाहीत.

बाहेरून पकडलेले किडे आजपासून बंद. माप बरोबर असलं तरी बंद. नाकतोड्यानं कुठला फवारलेला पाला खाल्लाय, झुरळ कुठल्या घरातल्या औषधावरून चालत आलंय, कळत नाही. वर त्यांच्यातून जंतही येतात. आणि काजवा तर चुकूनही टाकीत जाऊ देऊ नका. काजव्यातलं विष हृदयावर जातं, आणि तो खाऊन बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याची नोंद अमेरिकेत आहे. पावसाळ्याच्या तोंडाला मुलं बाटलीत काजवे धरतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवा.

दिवसातून दोन-तीनदा खायला द्या. दर वेळी दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे, मग उरलेले काढून घ्या. टाकीत राहिलेला रातकिडा रात्री झोपलेल्या पिल्लालाच चावतो. शेवटचं खाणं दिवा बंद होण्याच्या निदान दोन तास आधी. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, लाल भोपळा खाऊ घाला. दिवसातून एका जेवणाचे किडे साध्या कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्या, आठवड्यातून पाच दिवस. पण यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, ट्यूब नसेल तर हे कॅल्शियम अंगी लागत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही, काच ते किरण अडवते. बारीक चिरलेला शेवग्याचा पाला रोज समोर ठेवा. आत्ता खाणार नाही, तरी ठेवा.

त्या नाकतोड्याचं म्हणाल तर पुढचे तीन-चार दिवस शी होते का, मागचे पाय नीट टाकतं का, एवढं बघा. पाय ओढलं, पोट फुगलं, खाणं टाकलं तर घरगुती उपाय करत बसू नका. जवळ सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयाच्या दवाखान्यात घेऊन जा. रिक्षातून नेताना डब्याला टॉवेल गुंडाळा आणि आत, टॉवेलच्या घडीत, कोमट पाण्याची बाटली ठेवा.

प्रश्न : आमचा ड्रॅगन दीड वर्षाचा आहे. अजून रोज वीस रातकिडे खातो. पाल्याला तोंड लावत नाही. हल्ली फार जाड दिसतो.
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आता ताट उलटं करा, भाऊ. या वयात पाला रोज आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा. सकाळी भूक असते, तेव्हा आधी पालाच द्या, किडे दुपारी. पहिले चार-पाच दिवस तो तुमच्याकडे बघत बसेल आणि पाला तसाच राहील. वजन लिहून ठेवा, घसरलं तर मला कळवा, पण रातकिड्यांचा डबा त्याच्यासमोर उघडू नका.