अमेरिकेतल्या लो-पॉवर (कमी क्षमतेच्या) टीव्ही केंद्राचं नाव आणि चॅनेल सारखं बदलतं. मग त्याचा इतिहास कसा शोधायचा?

नावामागे लागू नका, 'फॅसिलिटी आयडी' पकडा. केंद्र विकलं, नाव बदललं, चॅनेल हलला, तरी एफसीसीच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, नोंदीत हा क्रमांक तोच राहतो. तिच्या एलएमएस या डेटाबेसमध्ये तो टाकला की परवान्याचे अर्ज आणि मालकी-बदल सापडतात.

नाव बदलण्याचं कारण साधं आहे. ही सेवा १९८२ साली सुरू झाली तेव्हापासून मूळ नावातच चॅनेल असतो: डब्ल्यू किंवा के, मग चॅनेल क्रमांक, मग दोन अक्षरं. चॅनेल हलला की नावही गेलं. आणि चॅनेल हलणारच, कारण दर्जा दुय्यम: पूर्ण क्षमतेच्या केंद्राला अडथळा आला की यांनीच सरकायचं. एफसीसीने केलेल्या टीव्ही लहरींच्या लिलावानंतर ३८ ते ५१ चॅनेल २०२० पर्यंत रिकामे झाले, त्यात बरीच केंद्रं हलली.

काही केंद्रं चॅनेल क्रमांकाऐवजी अक्षरी नाव घेतात; त्याला शेवटी जोडलेल्या अक्षरांवरून काळ कळतो. एलपी म्हणजे बहुधा ॲनालॉग, एलडी डिजिटल, सीडी म्हणजे संरक्षण मिळालेलं डिजिटल 'क्लास ए'. ॲनालॉग बंद करायची मुदत १३ जुलै २०२१ होती, फक्त अलास्काला थोडी सवलत.

हमखास चूक होते ती इथे: पडद्यावर दिसणारा क्रमांक आभासी असतो. शोधताना आरएफ चॅनेल, म्हणजे प्रसारण प्रत्यक्ष ज्यावर होतं तो चॅनेलच बघा.