रात्री जाऊन ट्रेलर ओढून आणू नका

प्रश्न : मी मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्यात, चांगदेवच्या बाजूला मासेमारी करतो. होळीनंतर माझी जुनी फायबरची बोट आणि तिचा ट्रेलर नवीन कार्पेट बसवायला जळगावच्या एका वर्कशॉपमध्ये दिला. 18,000 ठरले, 10,000 मोबाइलवरून दिले. पाडव्याला बोट-ट्रेलर घरी आणला. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) बोटीतलं कार्पेट सुटलं, खालची प्लाय फुगली, आणि बोट टेकते त्या ट्रेलरच्या फळ्यांवरच्या कार्पेटच्या पिना गंजून वर आल्या, त्यांनी बोटीच्या तळाला ओरखडे पडले. बोट काठाला बांधून ट्रेलर परत नेऊन दिला, तर वर्कशॉपचा मालक म्हणतो, राहिलेले 8,000 आणि नव्या कामाचे 6,000 टाका, मगच ट्रेलर मिळेल. चिठ्ठीवर 'कामाची गॅरंटी नाही' असं लिहिलंय. 'स्वस्तात करा' असं मीच म्हणालो होतो, हेही खरं. मित्र म्हणतात, चार पोरं घेऊन रात्री ओढून आणू. काय करू? (मुक्ताईनगर तालुक्यातील वाचक)

उत्तर : भाऊ, मित्रांचा बेत आधी मोडा. ट्रेलर तुमचा असला तरी तो असा उचलून आणलात तर चोरीचा गुन्हा तुमच्यावर नोंदला जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये घड्याळाचं उदाहरण दिलेलं आहे. दुरुस्तीचे पैसे बाकी आहेत म्हणून कारागिराने कायदेशीररीत्या घड्याळ ठेवून घेतलं, आणि त्याचं ते तारण बुडवण्यासाठी घड्याळाच्या मालकाने ते उचलून नेलं, तर स्वतःच्याच घड्याळाची ती चोरी ठरते. मदतीला येणारी पोरंही त्यात अडकतील.

आता त्या उदाहरणातला 'कायदेशीररीत्या' हा शब्द बघा. तुमची बाजू तिथेच भक्कम आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 170 प्रमाणे ज्याने एखाद्या वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू धरून ठेवता येते. हा धारणाधिकार ताब्यावर उभा असतो. पाडव्याला 8,000 बाकी असताना मालकाने बोट आणि ट्रेलर तुमच्या हवाली केला, तिथेच त्या बाकीसाठी वस्तू अडवण्याचा त्याचा हक्क सुटला. आखाजीनंतर ट्रेलर पुन्हा दिलात तो त्याच्याच कामातला दोष काढायला. जुन्या बाकीसाठी कोणतीही वस्तू अडवण्याचा व्यापक हक्क कलम 171 ने बँका, अडते अशा मोजक्याच लोकांना दिला आहे, वर्कशॉपवाल्याला नाही. राहिले 6,000. स्वतःचं बिघडलेलं काम नीट करायला वेगळी मजुरी मागायची असेल, तर ती आधी ठरलेली असायला हवी, आणि तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. म्हणून माझ्या मते त्याने ट्रेलर अडवणं बेकायदेशीर आहे. पण हे ग्राहक आयोगाने ठरवायचं, आपण अंधारात जाऊन नाही.

'स्वस्तात करा' हे शब्द मालक तुमच्यावर नक्की उलटवेल. त्याने घाबरू नका, पण लपवूही नका. स्वस्त म्हणजे पातळ कार्पेट, साधा रंग, कमी फिनिशिंग. पाण्यात उतरणाऱ्या फळीला लोखंडी पिना मारणं म्हणजे स्वस्त नव्हे. या कामाला पाणी न धरणारं पॉलीप्रॉपिलीनचं कार्पेट, ओलाव्यात न सुटणारा गोंद आणि स्टेनलेसच्या पिना लागतात, आणि त्या पिना फळीच्या खालच्या अंगाला मारतात, म्हणजे बोटीच्या तळाला टोक लागत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पिना फळीच्या वरच्या अंगाला आहेत, प्रत्येकीभोवती तांबूस डाग आहे, आणि तळावरचे ओरखडे बरोबर तेवढ्याच अंतरावर आहेत. हा एक फोटो दहा साक्षीदारांच्या तोडीचा आहे. फक्त एक खुलासा हवा : कार्पेट तुम्ही आणून दिलं होतं का? दिलं असेल तर कार्पेटचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. पिनांचा आणि गोंदाचा मात्र तरीही त्याचाच.

'गॅरंटी नाही' या ओळीला फार महत्त्व देऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे, आणि चिठ्ठीवर एक ओळ लिहून कोणी त्यातून सुटत नाही. पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे.

'हा माणूस मासे विकतो, म्हणजे धंदेवाईक, ग्राहक कसला?' असा आक्षेप मालक घेईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सांगितलं की यंत्र किंवा वाहन स्वतः चालवणाऱ्याने मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असं नाही. 2024 मध्ये श्रीराम चिट्सच्या निकालात तर व्यापारी हेतू सिद्ध करण्याचा भार समोरच्यावरच टाकला. तुम्ही सभासदाचं ओळखपत्र आणि संस्थेच्या वजनाच्या पावत्या जोडा.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. नाही ऐकलं तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबतच ट्रेलर तात्पुरता परत देण्याचा अंतरिम आदेश मागा, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38 मध्ये तशी सोय आहे. मागणी मात्र खरी करा : दिलेले 10,000, तळाच्या दुरुस्तीचा खर्च, बुडालेले मासेमारीचे दिवस, त्रासाची वाजवी भरपाई. बुडालेल्या दिवसांसाठी करार कायद्याचं कलम 73 आड येऊ शकतं : बोटीवर तुमचं पोट आहे हे काम देताना मालकाला माहीत होतं, असं दाखवावं लागेल. तेव्हाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असतील तर जपा. बोटीतलं सुटलेलं कार्पेट उपटून फेकू नका, एक तुकडा गोंदासकट कापून ठेवा.

मी तुमच्या जागी असतो तर 8,000 कदाचित देऊनही टाकले असते. 'हक्क राखून, ट्रेलर सोडवण्यासाठी देत आहे' असा मेसेज आधी पाठवायचा, मगच पैसे पाठवायचे. असं केलं तर दावा बुडत नाही. 6,000 मात्र देऊ नका.

ट्रेलरची नोंदणी झालेली आहे का, तेही बघा. गाडीमागे ओढायचा ट्रेलर मोटार वाहन कायद्यात वाहनच आहे. नसेल तर ग्राहक तक्रार त्यामुळे मरत नाही, पण हायवेवर अडवलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आणि बोट अजून काठाला बांधलेली आहे, याची मला जास्त काळजी वाटते. मृग तोंडावर आलाय. तापी-पूर्णेला पूर आला की हतनूरच्या 41 दरवाजांपैकी कधी किती उघडतील आणि पाणी कसं ओढेल याचा नेम नाही. निकालाची वाट बघत तिला तिथे ठेवू नका. नुकसान वाढू न देणं हे करार कायद्याच्या कलम 73 प्रमाणे तुमच्याही अंगावर आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली भाड्याने घ्या, खाली जुने टायर आणि पोती टाका, बोट घरी आणा, आणि भाड्याची पावती घ्या. तीही दाव्यात लावता येईल.