सोलापुरात केबल बंद करून इंटरनेटवरचा टीव्ही घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की केबलला महिन्याला साडेचारशे जातात, अमेरिकेतला भाऊ यूट्यूब टीव्ही बघतो, तर तसंच काही घेऊन सोलापुरात केबल बंद करता येईल का. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, घरात आईवडील आहेत. माझ्या मते तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या घरी हा बदल आम्ही केला, चार महिन्यांनी त्यातला अर्धा मागे घेतला, आणि त्यानंतर बसलेली घडी आज दीड वर्ष टिकून आहे.

आधी भावाची गोष्ट. यूट्यूब टीव्ही अमेरिकेतच मिळतो. २०१७ साली सुरू झाला, २०२५ च्या सुरुवातीपासून त्याचे महिन्याला जवळजवळ ८३ डॉलर आहेत, आणि त्या पैशात तिथले बरेचसे मोठे चॅनल एकाच अ‍ॅपमध्ये थेट दिसतात, शिवाय हवं ते रेकॉर्ड करून ठेवता येतं. आपलं नेहमीचं यूट्यूब वेगळं आणि हे वेगळं. ही सेवा इथे घेता येत नाही, त्यामुळे भावाचा खर्च आणि सोय बाजूला ठेवूनच विचार करा.

आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक म्हणजे प्रत्येक वाहिनीवाल्याचं वेगळं अ‍ॅप. दुसरी म्हणजे फायबरच्या, म्हणजे घरात काचेच्या तारेने येणाऱ्या इंटरनेटच्या कनेक्शनबरोबर मिळणारे लाइव्ह चॅनल, ज्याला आयपीटीव्ही म्हणतात. या दोन्हींत फरक मोठा आहे, आणि आम्ही सुरुवातीला तोच लक्षात घेतला नव्हता.

अ‍ॅपची वाट धरायची तर आधी कागदावर लिहून काढा, घरात कोण कोणत्या वेळी कोणता चॅनल लावतं. पुण्यात हे काम दोन मिनिटांत होईल. सोलापुरात होत नाही, कारण आपल्या एकेका घरात तीन-तीन भाषा नांदतात. माझं माहेर बार्शीचं, सासर पूर्व भागातलं, अशोक चौकाजवळ, तेलुगू बोलणारं पद्मशाली घर. सासूबाई तेलुगू मालिका बघतात, सासरे मराठी बातम्या, मी मराठी मालिका, नवरा क्रिकेट. शेजारच्या काकू अक्कलकोट तालुक्यातल्या, त्यांच्याकडे दिवसभर कन्नड. केबलवाल्याला हे सगळं पाठ असतं, तो एका बॉक्समध्ये तिन्ही भाषा देतो. अ‍ॅपमध्ये मात्र चॅनल भाषेनुसार नाही, मालकानुसार वाटले गेलेत. स्टार प्रवाह, कलर्स मराठी, तेलुगूतला स्टार मा आणि कलर्स कन्नड हे जिओहॉटस्टारवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र आल्यापासून हे सगळे एका छताखाली आलेत. झी मराठी, झी तेलुगू, झी कन्नड झी फाइव्हवर. सोनी मराठी सोनी लिव्हवर. सन मराठी, जेमिनी आणि उदया सन नेक्स्टवर. आणि ईटीव्हीचं तेलुगू ईटीव्ही विन नावाच्या वेगळ्याच अ‍ॅपवर. आमच्या यादीला पाच अ‍ॅप लागली. मराठी बातम्यांना मात्र एक पैसाही लागत नाही, बहुतेक सगळे बातम्यांचे चॅनल यूट्यूबवर थेट चालू असतात. सासऱ्यांचा प्रश्न तिथेच मिटला.

आणखी एक. अ‍ॅपवर मालिकेचा भाग मिळतो, चॅनल मिळेलच असं नाही. ज्यांना ‘काल काय झालं’ एवढंच बघायचंय त्यांना चालतं. पण आपल्या घरातली मोठी माणसं तशी बघत नाहीत. टीव्ही लावला की एकामागून एक कार्यक्रम आपोआप आला पाहिजे, मध्ये निवडायला लागता कामा नये. पैसे भरण्याआधी त्या अ‍ॅपमधला लाइव्ह टीव्हीचा भाग उघडून तुमचा चॅनल तिथे आहे का ते बघा. शिवाय स्वस्तातला मोबाइलचा प्लॅन टीव्हीवर चालत नाही, आणि मधल्या प्लॅनवर एका वेळी किती ठिकाणी दिसेल याला मर्यादा असते. दोन टीव्ही आणि एक मोबाइल असलेल्या घरात ती लगेच आडवी येते.

म्हणून ज्यांच्या घरी आईवडील आहेत त्यांना मी दुसरी वाट सुचवते. जिओच्या फायबर किंवा एअरफायबरवर (हे तारेशिवाय येणारं नेट) जिओ टीव्ही प्लस आहे, ऑगस्ट २०२४ पासून ते बॉक्सशिवाय अँड्रॉइड टीव्हीवरही चालतं, आणि चॅनल आठशेच्या वर आहेत. एअरटेलने मार्च २०२५ मध्ये आयपीटीव्ही सुरू केलं. बीएसएनएलनेही आपल्या फायबरवर आयएफटीव्ही नावाने अशीच सेवा काढली आहे. यात केबलसारखाच चॅनल नंबर असतो, वर-खाली बटण असतं, आणि तेलुगू, कन्नड, मराठी एकत्र असतं. पण हे प्रत्येक प्लॅनवर मिळत नाही. कनेक्शन द्यायला येणारा मुलगा ‘सगळं आहे’ म्हणतो, तेवढ्यावर जाऊ नका. तुमच्या यादीतला एकेक चॅनल नाव घेऊन विचारा आणि तुमच्याच गल्लीत कुणाकडे ती सेवा असेल तर त्यांच्या टीव्हीवर अर्धा तास बसून या.

आता आम्ही काय चुकलो ते सांगते. आम्ही दोन्ही टीव्हींची केबल एकाच दिवशी तोडली. वरच्या मजल्यावर आमचा नवा टीव्ही, तिथे काही अडलं नाही. खाली सासूबाईंच्या जुन्या टीव्हीला अ‍ॅप चालवणारी छोटी स्टिक लावली, अ‍ॅप ओळीत मांडून दिली, दोन दिवस शिकवलं. त्या शिकल्याही. मग एका दुपारी अ‍ॅपचं काहीतरी अपडेट झालं आणि त्याने पुन्हा नंबर आणि ओटीपी मागितला. मी शाळेत, नवरा एमआयडीसीत. संध्याकाळी घरी आले तेव्हा टीव्ही चालू होता, पडद्यावर नुसते चौकोन, आणि सासूबाई समोर खुर्चीत बसलेल्या. फोन का नाही केला विचारलं तर म्हणाल्या, “तू शिकवत असतेस, कशाला त्रास.” गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं जवळजवळ थांबलंय. दुपारचे ते तीन तास त्यांच्या मैत्रिणीसारखे आहेत, आणि ते आम्ही चार पैसे वाचवायला काढून घेतले होते. मला फार वाईट वाटलं.

आणि जानेवारी आला तेव्हा दुसरी गोष्ट कळली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा त्या दरवर्षी लोकल केबलच्या चॅनलवर बघतात. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सवही तसाच. हे चॅनल कुठल्याच आयपीटीव्हीच्या यादीत आम्हाला सापडले नाहीत. यूट्यूबवर प्रक्षेपण मिळतं, मीच शोधून लावून दिलं, पण कुणीतरी लावून द्यावं लागतं हाच तर मुद्दा आहे. त्याच आठवड्यात आम्ही खालची केबल परत जोडली.

पैशाचा हिशेब खरा सांगते, कारण याबाबत सगळीकडे फार फुगवून लिहिलेलं असतं. आधी दोन टीव्हींची केबल ७००, आणि ३९९ चं फायबर अठरा टक्के जीएसटी धरून ४७१, म्हणजे ११७१. आता लाइव्ह चॅनल आणि काही अ‍ॅप असलेला ६९९ चा प्लॅन, करासह ८२५, आणि सासूबाईंची छाटलेली केबल २९०, म्हणजे १११५. वाचले ५६ रुपये. फरक पडला तो वेगळीकडे, आधी मी दोन अ‍ॅपचे पैसे निराळे भरत होते, ते आता प्लॅनमध्येच येतात. तुमच्याकडे फायबर आधीपासून असेल तर वरचे थोडे पैसे टाकून केबल सोडणं परवडतं. नसेल आणि केवळ केबल सोडायची म्हणून नेट घेणार असाल, तर महिन्याचा खर्च वाढेल, कमी होणार नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवू असा विचार असेल तर तोही सोडा, एचडी चित्र तासाला दोन-तीन जीबी खातं, दिवसाचा दोन जीबीचा डेटा एका मालिकेत आणि बातम्यांत संपतो.

‘छाटलेली केबल’ म्हणाले त्याबद्दल. फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनी आपल्याला सुटे चॅनल निवडायचा हक्क आहे. बुकेमध्ये, म्हणजे चॅनलांच्या एकत्र गठ्ठ्यात घालायच्या चॅनलची किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही. मूळ भाड्यावरची १३० रुपयांची मर्यादा मात्र जुलै २०२४ मध्ये उठली, त्यामुळे तो आकडा आता केबलवाल्याला विचारूनच घ्यावा लागतो. आम्ही एका रविवारी त्यांना घरी बोलावलं, सासूबाई खरंच बघतात ते सहा पैसेवाले चॅनल ठेवले आणि बाकीचे बुके काढले. चहा होईपर्यंत काम झालं. तुमच्या साडेचारशेचं काय करायचं हे ठरवण्याआधी एवढं एकदा करून बघाच. कदाचित तुमचा प्रश्न तिथेच सुटेल.

क्रिकेट. नेटवरचं चित्र केबलपेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असतं. शेजारच्यांची आरोळी आधी येते आणि विकेट नंतर दिसते. माझ्या नवऱ्याला हे सहन होत नाही, त्याने गच्चीवर डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत सेवेची छत्री बसवून घेतली. बसवायला दीड-दोन हजार एकदाच, पुढे महिन्याचं भाडं नाही. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनला द्यावे लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते डीडी स्पोर्ट्सवर फ्री डिशलाच दिसतात. त्याच वेळी केबलवर डीडी स्पोर्ट्स लावला तर दुसरंच काही चालू असतं, ते त्यामुळे. आयपीएल यात येत नाही, त्यासाठी स्टार स्पोर्ट्स किंवा जिओहॉटस्टारच लागतं. सह्याद्रीही फ्री डिशवर आहे, आणि नेट बंद पडलं की हीच छत्री कामाला येते.

नेट बंद पडतंच हो. आमच्या गल्लीत सुताच्या गाठी लादलेल्या ट्रकने लटकती फायबर तोडली तेव्हा पहिल्या कंपनीचा माणूस चार दिवसांनी आला. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या भागात दुरुस्तीला कोण येतं, किती वेळात येतं, हे शेजाऱ्यांना विचारा. जुळे सोलापुरात एक कंपनी चांगली असेल तर विडी घरकुलात तीच चांगली असेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी केबलवालाच नेटही देतो, आणि त्याचा पोरगा शिडी घेऊन तासाभरात हजर होतो, हे मी फार मोलाचं धरते. वेग ३० एमबीपीएस पुरतो, एका एचडी टीव्हीला पाचेक लागतात. आमच्या जुन्या घराच्या भिंती दगडी, वायफाय खाली पोचत नव्हतं, तेव्हा टीव्हीपर्यंत सरळ लॅनची वायर ओढली आणि अडखळणं थांबलं. वीज गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो, पण राउटर आणि फायबरचा छोटा डबा दुसऱ्या लाइनवर असेल तर काही उपयोग नाही. ते दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या.

पैसे भरताना ऑटोपे चालू होतं. माझ्या खात्यातून एका अ‍ॅपचे वर्षाचे पैसे असेच दुसऱ्यांदा गेले, कापायच्या आदल्या दिवशी आलेला मेसेज मी वाचलाच नव्हता. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून भरलेत त्यातच ऑटोपेचा भाग असतो, पहिले पैसे भरले की तिथे जाऊन रद्द करा. घेतलेली मुदत संपेपर्यंत सेवा चालूच राहते.

आणि केबल तोडायचीच असेल तर आधी एका टीव्हीची तोडा, तीही आईवडिलांच्या खोलीतली नव्हे. दुसरी किमान दोन महिने राहू द्या. त्यात एखादा सण, एखादी क्रिकेट मालिका आणि एखादा नेट बंद पडल्याचा दिवस येऊन जाईल. बॉक्स परत देताना अनामत भरलेली असेल तर ती मागा आणि बॉक्स जमा केल्याची पावती घ्या. आईवडील कोणत्या भाषेतलं काय बघतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. चॅनलांची नावं आणि तुमचा भाग खाली लिहिलात, तर कोणता कुठे मिळतो ते मी सांगेन.