वाचकांचे प्रश्न : कात्री न लावलेला कार्यक्रम

प्रश्न : कारागीर बंद घड्याळ उघडतो तेव्हापासून ते पुन्हा टिकटिकू लागेपर्यंतचे सारे काम सलग दाखवणारा कार्यक्रम मला पाहायचा आहे. असे शक्य आहे का?

उत्तर : नक्कीच शक्य आहे, आणि आपली इच्छा मला फार जवळची वाटते. नॉर्वेच्या ‘एनआरके’ या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २००९ मध्ये बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून अधिक लांबीचा रेल्वेप्रवास दाखवला, तर २०११ मध्ये किनाऱ्यालगतच्या एका जहाजाची १३४ तासांची सफर थेट प्रक्षेपित केली, आणि प्रेक्षकांनी दोन्ही आवडीने पाहिल्या. मात्र रेल्वेच्या खिडकीतले दृश्य आपोआप बदलत राहते; घड्याळाच्या दुरुस्तीत तसे होत नाही, म्हणून कारागिराने काय शोधतो आहोत हे बोलत राहणे आणि एक कॅमेरा सतत त्याच्या बोटांजवळ असणे मला अत्यावश्यक वाटते. फसलेले प्रयत्न तर मुळीच वगळू नयेत. असा कार्यक्रम आपणच एखाद्या वाहिनीला सुचवणार असाल, तर लक्षात ठेवा : कॉपीराइट नुसत्या कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. तेव्हा वाहिनीकडे जाण्यापूर्वी पहिला भाग तपशीलवार लिहून काढावा.